निरंक चालत नाही

कुंदा रोकडे यांना खदानपाड्यात नावाने हाक मारणारे कोणी नव्हते. वस्ती त्यांना सिस्टर म्हणे. त्या परिचारिका नव्हत्या. हिवताप खात्यात त्यांनी सव्वीस वर्षे घरोघर फिरण्याची नोकरी केली. उंबऱ्याशी उभे राहायचे, घरात ताप कोणाला आहे का ते विचारायचे, असेल त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, आणि निघताना दाराशेजारच्या भिंतीवर गेरूने तारीख घालून खाली ‘कु. रो.’ अशी अक्षरे काढायची. अंबरनाथहून चिखलोलीकडे जाताना दगडाची एक बंद पडलेली खाण लागते. तिच्या काठाने वसलेल्या दोनशे बारा घरांच्या भिंतींवर त्यांची ही अक्षरे एकावर एक चढत गेली होती. २००४ साली त्या निवृत्त झाल्या तरी लोकांनी ती पुसली नाहीत. तीन वर्षांनी, २००७च्या एप्रिलमध्ये, काही घरांनी ती दगडाने घासून काढली. त्यांनी तसे का केले, आणि कुंदाबाईंनी त्यांना का अडवले नाही, हे सांगायचे आहे.

ताप नसेल त्या घरापुढे कुंदाबाई वहीत ‘निरंक’ लिहीत. या शब्दाबद्दल त्यांना आदर होता. काही आढळले नाही असे लिहिण्यासाठीसुद्धा आधी जाऊन पाहावे लागते, असे त्या म्हणत. झाडाखाली बसून पन्नास घरांपुढे निरंक लिहिणारे सहकारी त्यांनी पाहिले होते, आणि त्यांच्याबरोबर त्या चहाही घेत नसत. नवरा शिवराम लवकर गेला. मुलगी मनाली लग्न होऊन बदलापूरच्या एका सोसायटीत राहायला गेली. मागे राहिल्या त्या कुंदाबाई, निवृत्तिवेतन, आणि वस्तीतल्या प्रत्येक घराची बारीकसारीक माहिती: कोणाचे मूल सातव्या महिन्यातले, कोणाचा नवरा पितो, कोण कोणाशी बोलत नाही. ही माहिती त्यांनी कधी इकडची तिकडे केली नव्हती. वस्तीचा त्यांच्यावर विश्वास होता तो एवढ्याचसाठी.

जुलै २००५च्या पुरानंतर आसपासच्या नव्या इमारतींत चोऱ्या वाढल्या. तेव्हा चौकीने वस्तीसाठी एक नागरिक सुरक्षा समिती काढली. पंधरा सभासद, प्रत्येकाला फोटोचे ओळखपत्र आणि निळी फीत. अध्यक्ष झाला अल्पेश. त्याच्या आजोबांची भातशेती खाणीपलीकडे होती. नातू आता त्याच जमिनीचे तुकडे विकत होता आणि नव्या इमारतींना टँकरने पाणी पुरवत होता. महिला सभासद म्हणून चौकीने सिस्टरांचे नाव सुचवले. उद्घाटनाला वरिष्ठ साहेब म्हणाले की यापुढे सुरक्षा ही पोलीस आणि नागरिक यांची भागीदारी राहील.

कुंदाबाईंनी ते शब्द मनापासून खरे मानले. त्यांचे वडील छप्पन्न सालच्या दीक्षेला नागपूरला पायाला फोड येईपर्यंत चालत गेलेले. कायदा आपल्याही माणसाने लिहिला आहे, तो चालवणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसले पाहिजे, ही त्यांची घरातली शिकवण. ज्या चौकीच्या पायरीवर वस्तीतली माणसे चपला काढून उभी राहत, तिथे आत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली गेली. ओळखपत्र त्यांनी बुद्धाच्या तसबिरीखाली खिळ्याला लावले. खुर्चीचा त्यांना अभिमान वाटला. पुढे स्वतःवर चिडताना त्या हा अभिमान आधी मोजत.

समितीचे एक मासिक माहितीपत्रक असे. पहिल्या दोन महिन्यांत कुंदाबाईंनी त्यात लिहिले की खाणीकडचा दिवा बंद आहे, गटाराचे झाकण चोरीला गेले आहे, आणि शाळेच्या वाटेवरच्या दारूच्या दुकानापुढे मुलींना त्रास होतो. हवालदार गायकर पत्रक परत घेऊन आला. दिवा आणि झाकण आपल्या खात्यात येत नाही, आणि दुकानाबद्दल वर ठाऊक आहे, असे त्याने सांगितले. पत्रकात माणसाचे नाव लागते. ‘संशयास्पद इसमाचे नाव’ असा पहिलाच रकाना होता. कुंदाबाईंना वस्तीत संशयास्पद इसम दिसेना. पुढचे सात महिने त्यांनी निरंक लिहिले.

गायकर वाईट माणूस नव्हता. पन्नाशीचा, गुडघे दुखणारा, बदलापूरकडच्या गावातला. कुंदाबाईंनी त्याला मलम दिले होते आणि तो त्यांच्या ओट्यावर बसून हक्काने चहा मागत असे. ऑक्टोबर २००६मध्ये तो असाच बसला आणि आठव्यांदा कोरे होऊ घातलेले पत्रक त्याने त्यांच्यापुढे सरकवले.

“सिस्टर, निरंक चालत नाही,” तो म्हणाला. “साहेबांच्या तक्त्यात आपल्या वस्तीसमोर सात महिने भोपळा. वरून विचारतात, समिती आहे का भजनी मंडळ?”

काही घडलेच नाही तर काय लिहू, असे कुंदाबाईंनी विचारले. किरकोळ असले तरी चालेल, एखादे नाव द्या म्हणजे माझी फेरी वाचेल, असे त्याचे म्हणणे.

इथे कुंदाबाईंच्या हातून जी चूक झाली ती त्यांच्या नोकरीने शिकवलेली होती. हिवताप खात्यातही दर महिन्याला ठरावीक रक्तनमुने पाठवावे लागत. ताप नसलेल्या महिन्यात संख्या भरत नसे. मग त्या ओळखीच्या धडधाकट माणसाला म्हणत, बोट दे रे, आणि थेंब घेत. काचपट्टी प्रयोगशाळेत जाई, कोणीतरी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरी, दोष नाही असा शेरा येई. माणसाचे काही बिघडत नसे, संख्या भरे. सव्वीस वर्षे त्यांनी असे थेंब घेतले होते आणि एकालाही त्यामुळे इजा झाली नव्हती. तपासणारा कोणीतरी पुढे बसलेला असतो, हे त्यांनी इतके गृहीत धरले होते की तो आहे का, असे विचारायचे त्यांना सुचलेच नाही.

त्याच आठवड्यातली एक सकाळ त्यांना आठवली. १४ तारखेला सार्वजनिक नळाचे पाणी दहा मिनिटांत गेले होते. ते का गेले हे सर्वांना ठाऊक होते: मुख्य नळावर अल्पेशच्या टँकरसाठी जोड घेतलेला होता. शेजारच्या गयाबाईचा मुलगा महेंद्र त्या दिवशी आईला हंडे उचलू लागायला आला होता. वय पंचवीस, उल्हासनगरला पाच नंबरच्या कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात कटिंग करणारा. टँकरचा जोड कोणाच्या परवानगीने, असा अर्ज त्याने नव्या माहिती अधिकारात टाकला होता आणि उत्तराची वाट पाहत होता. नळ फुसफुसला तेव्हा त्याने समोरच्या हंड्याला लाथ मारली. हंडा घरंगळत कुंदाबाईंच्या पायाशी येऊन थांबला. हंडा त्याच्या आईचाच होता.

“लाथ मारायची तर टँकरला मार,” गयाबाई म्हणाली होती. “हा पितळेचा आहे, तुझ्या बापाच्या बोनसातला.”

रांगेतल्या बाया हसल्या. महेंद्रही हसला, आणि हंडा उचलून पोचा आला का ते अंगठ्याने चाचपत राहिला.

कुंदाबाईंनी पत्रकात लिहिले की महेंद्रने नळावर आरडाओरडा करून हंड्याला लाथ मारली. ‘परिसरावर झालेला परिणाम’ या रकान्यात त्यांनी लिहिले, काही नाही. गायकरने कपाळावर हात मारला.

“मग फॉर्मच बाद झाला ना. लिहा, महिला भयभीत झाल्या. सगळे तेच लिहितात.”

बाया हसल्या होत्या हे कुंदाबाईंना आठवत होते. तरी त्यांनी ‘काही नाही’ खोडून तो शब्द लिहिला. जागा पुरली नाही तर असावे म्हणून गायकरने खाली एक कोरे जोडपत्र लावले होते, त्यावरही त्यांनी सही केली. चहाचा कप विसळताना त्यांच्या मनात एवढेच आले की कोणी चौकशीला येईल, महेंद्र दोन शब्द बोलेल, दोष नाही असा शेरा पडेल. त्या महेंद्रशी याबद्दल बोलल्या नाहीत. बोलण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटले नाही.

मधल्या काळात काय झाले ते वस्तीला कळले नाही. जानेवारीत महेंद्रला नोटीस आली. ती त्याने लाजेपोटी आईखेरीज कोणाला दाखवली नाही, एकटाच जाऊन उत्तर देऊन आला. ९ मार्च २००७ला दोन शिपाई दारात उभे राहिले. दोन वर्षे तडीपार: ठाणे, मुंबई आणि रायगड या जिल्ह्यांत पाऊल टाकायचे नाही. त्याला कपडे भरायला अर्धा तास मिळाला. कल्याणहून नाशिकच्या गाडीत बसवून शिपाई परतले. गयाबाई कारखान्यात सांगायला गेली तेव्हा शेठ म्हणाला, “देखो माई, लडका अच्छा था, पर पुलिस का लफडा अपने को नहीं मांगता,” आणि त्याने मशीनवर दुसऱ्याला बसवले.

चौथ्या दिवशी गयाबाई हुकमाची प्रत घेऊन कुंदाबाईंकडे आली. दोघींची घरे एका भिंतीची. महेंद्रला पोलिओचा पहिला डोस द्यायला कुंदाबाईच त्याला कडेवर घेऊन गेल्या होत्या. गयाबाईला वाचता येत नव्हते, आणि वस्तीत कागद वाचायचा म्हणजे सिस्टरांनी, हा रिवाज होता. कुंदाबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या पानावर गोपनीय साक्षीदार ‘अ’ याचा जबाब होता. दिनांक १४ ऑक्टोबर रोजी सकाळी सार्वजनिक नळावर सदर इसमाने सुरा दाखवून शिवीगाळ केली, हंडे लाथेने उडवले, महिला भयभीत झाल्या, त्याच्या दहशतीमुळे कोणीही उघड तक्रार देण्यास धजत नाही.

“हंडा माझाच होता की,” गयाबाई म्हणाली. “सुरा कुठला? हा साक्षीदार आंधळा का काय?”

कुंदाबाई थांबल्या. पुढच्या ओळी त्यांनी बोट लावून मनातच वाचल्या.

“तू समितीत आहेस, सिस्टर. तुला सांगतील ते. हा अ कोण एवढं काढ. मला त्याचं काही करायचं नाही, फक्त तोंड बघायचंय.”

बघते, असे म्हणून कुंदाबाईंनी कागद घडी घालून परत दिला. गयाबाई गेल्यावर कुंदाबाईंनी दार लावले. त्यांना रडू आले नाही. आला तो संताप, आणि तो आधी कोणावर काढावा हे त्यांना कळेना. सुरा त्यांनी लिहिला नव्हता. पण सुऱ्याखालचा कागद त्यांनी दिला होता, आणि ‘भयभीत’ हा शब्द तर त्यांच्याच अक्षरातला.

त्याच दुपारी त्या चौकीत गेल्या. चौकीच्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवले. अल्पेश तिथेच बसला होता. साहेबांच्या मागे भिंतीवर नवी चौकट लागली होती: वर्षभरात मोठा गुन्हा न घडलेली शांत वस्ती म्हणून खदानपाड्याला मिळालेले प्रमाणपत्र. कुंदाबाईंनी जबाब पाहायला मागितला. तो दाखवता येत नसतो, असे साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितले. साक्षीदाराला गुंडाकडून धोका असतो म्हणून कायद्यानेच नाव झाकलेले असते. आरोपीला, वकिलाला, कोणालाच ते कळणार नाही.

“तुम्ही पूर्ण सुरक्षित आहात, सिस्टर. घाबरायचं कारण नाही.”

“मी घाबरलेली नाही,” कुंदाबाई म्हणाल्या. “त्या दिवशीही नव्हते. मी घाबरले असं तुम्ही लिहिलंत.”

हुकमात असेही म्हटले होते की वरिष्ठांनी साक्षीदाराला समक्ष भेटून जबाबाची खात्री करून घेतली. मला कोण भेटले, कधी भेटले, असे त्यांनी विचारले. साहेबांनी गायकरकडे पाहिले. गायकर जमिनीकडे पाहत होता. मग साहेबांचा सूर बदलला. सही तुमची आहे, ते म्हणाले. आता जबाब फिरवलात तर खोटा जबाब दिल्याचा गुन्हा उलट तुमच्यावर येतो, आणि सरकारी पेन्शन घेणाऱ्या बाईने याचा विचार करावा.

“मावशी, दोन वर्षं बाहेर राहील, शहाणा होऊन येईल,” अल्पेश म्हणाला. “वस्ती कशी शांत झालीय बघा.”

वस्ती शांत झाली होती हे खरे होते. माहितीच्या अर्जाचे उत्तर घ्यायला कोणी उरले नव्हते. टँकर सकाळी सहाला भरत होते आणि नळ दहा मिनिटांत जात होता, आणि नळावर आता कोणी आवाज चढवत नव्हते. घराकडे चालताना कुंदाबाईंना भागीदारीचे ते भाषण आठवले. भागीदारीत प्रत्येकाने काहीतरी घालायचे असते. चौकीने शिक्का घातला होता. अल्पेशने त्या अर्जाची आपली अडचण घातली होती. वस्तीने आपला एक माणूस घातला होता, आणि तो उचलून नेऊन देणारा हात कुंदाबाईंचा होता. सव्वीस वर्षांत लोकांनी उंबऱ्याशी जे विश्वासाने सांगितले ते त्या खुर्चीने एका ‘भयभीत’ शब्दात विकत घेतले होते. बंद दिव्याबद्दल लिहिले तेव्हा ते दुसरे खाते होते. माणसाबद्दल लिहिले तेव्हा एकाही खात्याने नकार दिला नाही, आणि प्रयोगशाळा तर कुठेच नव्हती. थेंब गोळा करणारे सगळे होते, तो तपासणारा कोणीही नव्हता.

मनालीला त्यांनी फोनवर सांगितले. ती घाबरली, रागावली, आणि शेवटी समजावणीवर आली. “आई, तुझं नाव कुठेच नाहीये. कुणाला कधी कळणार नाही. मग?”

“नाव नाही म्हणूनच तर हे झालं,” कुंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

अपिलाला तीस दिवसांची मुदत होती. कल्याणच्या वकिलाने गयाबाईला सांगितले होते की साक्षीदार झाकलेला आहे तोवर अपिलात हात घालण्यासारखे फारसे काही नाही. एकवीस दिवस उलटले. यातले सतरा दिवस कुंदाबाईंना सगळे ठाऊक होते आणि त्या गप्प होत्या, हेही इथे लिहिले पाहिजे. त्या दिवसांत गयाबाई रोज विचारी, कळले का काही, आणि त्या रोज म्हणत, अजून नाही. गयाबाईने एकदा त्यांच्यासाठी भाकरी-वांगे आणून ठेवले. ते त्यांनी खाल्ले नाही आणि टाकलेही नाही. दुसऱ्या दिवशी ताटली धुऊन परत द्यायला त्या गेल्या, तेव्हा उंबऱ्याशी उभे राहून त्यांनी सांगितले.

“साक्षीदार अ मी आहे, गया. सुरा मी लिहिला नाही. बाकीचं माझं आहे.”

गयाबाई शेगडीपुढे बसली होती. तिने ताटली घेतली, जमिनीवर ठेवली. ती ओरडेल असे कुंदाबाईंना वाटले होते आणि त्यांना ते हवेही होते. ती शेगडीतले निखारे सारत बोलली.

“रोज माझ्या तोंडाकडे बघून अजून नाही म्हणत होतीस.”

“हो.”

“आत येऊ नकोस. यापुढे कधीच येऊ नकोस. तिथेच उभी राहा आणि काय काय लिहिलंयस ते सांग. सगळं सांग. मला वकिलाला सांगायचंय.”

कुंदाबाईंनी उभ्या उभ्या सगळे सांगितले: चहा, भोपळा, खोडलेले ‘काही नाही’, कोरे जोडपत्र. ऐकून गयाबाई एवढेच म्हणाली की बाकी बायांनाही विचार, तू एकटी खोटी निघालीस तर वर कोण मानेल.

विचारणे ही एक गोष्ट कुंदाबाईंना येत होती. त्यांनी जुनी कापडी पिशवी काढली, कोरी वही घेतली, आणि दुसऱ्या सकाळी पहिल्या घरापासून सुरुवात केली. वाक्य प्रत्येक उंबऱ्याशी तेच: साक्षीदार अ मी आहे. मग प्रश्न: त्या सकाळी नळावर होतीस का, कुठे उभी होतीस, सुरा पाहिलास का, घाबरलीस का. उत्तर बाईच्याच शब्दांत लिहून घ्यायचे, तिला वाचून दाखवायचे, मग सही किंवा अंगठा. जोडपत्र नाही.

दोनशे बारा घरांना चार दिवस लागले. लोकांनी त्यांना सोडले नाही. एका घरात त्यांना पाणी द्यायला पुढे आलेली सून सासूने मागे ओढली. हरिचंद्र नावाच्या म्हाताऱ्याने, ज्याच्या क्षयाची गोष्ट फक्त सिस्टरांना ठाऊक होती, दार अर्धे लावून विचारले की माझ्याबद्दल काय काय लिहून दिले आहेस. काही नाही, असे त्या म्हणाल्या. त्याने विश्वास ठेवला नाही, आणि ठेवावा असे म्हणण्याचा हक्क आपल्याला उरला नाही हे त्यांना कळत होते. याच चार दिवसांत भिंतींवरची अक्षरे घासली जाऊ लागली. सकाळी त्या ज्या घरात विचारून जात, तिथे संध्याकाळी भिंतीवर ओला पांढरट डाग दिसे. त्या पाहत आणि पुढे जात.

नळावर त्या दिवशी चौतीस बाया होत्या. तिघींचे नवरे अल्पेशच्या टँकरवर कामाला होते. त्या बोलल्या नाहीत. एकतीस जणींनी सांगितले. भाजी विकणाऱ्या ठमाबाईने अंगठा पुढे करण्याआधी शाईची डबी लांब सारली.

“घाबरले होते मी. लिही तसं.”

कुंदाबाईंनी मान वर केली.

“पाणी गेलं म्हणून घाबरले. घरात पाहुणे होते. सुऱ्याचं तू तुझं बघ.”

त्यांनी ते तसेच लिहिले. अठ्ठाविसाव्या दिवशी वकिलाने अपील दाखल केले, सोबत कुंदाबाईंचे प्रतिज्ञापत्र आणि एकतीस जबाब. त्याच संध्याकाळी चौकीचा शिपाई येऊन ओळखपत्र परत घेऊन गेला. गुन्हा दाखल करण्याची धमकी दोनदा आली. गुन्हा दाखल झाला नाही, कारण तो दाखल करायचा तर कोणता जबाब खोटा हे आधी ठरवावे लागले असते.

जूनमध्ये मंत्रालयात सुनावणी झाली. कुंदाबाई गयाबाईबरोबर गेल्या, म्हणजे एकाच गाडीने गेल्या. गयाबाई वेगळ्या बाकावर बसली. अधिकाऱ्याने फाइलमधून डोके वर काढले आणि समोरची बाई साक्षीदार अ आहे हे ऐकून फाइलची पाने मागे उलटली.

“गोपनीय साक्षीदाराने असं समोर यायचं नसतं,” ते म्हणाले.

“मला गोपनीय केलं तेव्हा विचारलं नव्हतं,” कुंदाबाई म्हणाल्या.

निकाल सप्टेंबरमध्ये आला. प्रक्रियेतील त्रुटी लक्षात घेता तडीपारीचा हुकूम रद्द करण्यात येत आहे. अडीच ओळी. सुऱ्याचा उल्लेख नाही, कोऱ्या कागदाचा नाही, समक्ष खात्री केल्याचे लिहिणाऱ्याचा नाही. साहेब आपल्या जागी होते, गायकर आपल्या, अल्पेश समितीचा अध्यक्ष होता आणि प्रमाणपत्र भिंतीवर होते. सहा महिने नाशिकच्या बाजारात पोती उचललेला मुलगा परत आला. त्याच्या मशीनवर दुसरा बसलेला होता. माहितीच्या अर्जाची मुदत संपून गेली होती.

मायलेकांनी वस्ती सोडली. बदलापूरला एक खोली भाड्याने मिळाली आणि तिथल्या एका शिवणकामाच्या कारखान्यात महेंद्रला काम मिळाले, पहिल्यापेक्षा कमी पगाराचे. टेम्पो भरून झाल्यावर तो एकटा कुंदाबाईंच्या दाराशी आला. आत आला नाही.

“हंडा त्या दिवशी तुमच्या पायाला लागला असता तर मी माफी मागितली असती, सिस्टर,” तो म्हणाला. “तुम्ही मला बोलायचं होतं. भिंतीपलीकडे तर होतो.”

टेम्पो गेला. पितळेचा हंडा सर्वांत वर बांधलेला होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला कुंदाबाई चौकीत गेल्या. आता खुर्ची नव्हती. त्यांनी घरूनच रेघा मारून आणलेला कागद टेबलावर ठेवला. रकाने माहितीपत्रकाचेच होते. संशयास्पद इसमाच्या जागी त्यांनी तिघांची नोंद केली होती: जोडपत्रावर सुरा लिहिणारा, न भेटता खात्री करणारा, आणि तिसरे कुंदा रोकडे. वर्तनाच्या तपशिलात लिहिले होते की निरपराध माणसाला सहा महिने घराबाहेर काढले. परिसरावरचा परिणाम: लोक दार उघडत नाहीत. शेवटचा रकाना होता तपासाची प्रगती; तो एरवी चौकी भरत असे.

गायकरने कागदाच्या वरच्या ओळी वाचल्या. पहिल्या दोघांची नावे लिहिलेली नव्हती, पण ती त्याला ठाऊक होती.

“सिस्टर, कशाला वाढवताय? सुटला ना पोरगा.”

“पोच द्या,” कुंदाबाई म्हणाल्या.

हा अर्ज आपल्या नमुन्यात बसत नाही, असे तो म्हणाला. त्या उभ्या राहिल्या. साहेब आतून बाहेर आले, त्यांच्याकडे पाहून परत आत गेले. तासाभराने गायकरने दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारला, आकडा घातला, आणि कागद त्यांच्या बाजूला सारला. शिक्का मारताना त्याची नजर शेवटच्या रकान्यावर पडली. तो भरलेला होता.

तपासाच्या प्रगतीत त्यांनी लिहिले होते, निरंक.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला त्या पुन्हा आल्या. डिसेंबरच्याही. नोंदण्यासारखे काही झाले आहे का हे त्या दर वेळी आधी विचारत, खात्री करून घेत, आणि मगच तो शब्द लिहीत.